निळ्या टोपीची खुर्ची

काकू, आणि खापरखेड्याच्या या कॉलनीतले तुम्ही सगळे, रामटेके काकांवर बोल म्हणून मला उभं केलंत. काय बोलू? सोमवारपासून मला रडूही आलेलं नाही. हातपाय दुसऱ्या कोणाचे वाटतात.

मी कुहीचा, त्यांच्या गावचा. चार दिवसांसाठी त्यांच्या घरी आलो आणि दोन वर्षं राहिलो.

काका फौजेत होते. परदेशी वाळवंटात, दोन देशांच्या मधल्या रेषेवर, दहा देशांच्या जवानांसोबत शांतिसेनेची निळी टोपी घालून उभे होते. एका गोऱ्या जवानाला त्यांनी पोळी लाटायला शिकवली, ती नकाशासारखी व्हायची... ते राहू द्या. गोळी चालवायची मनाई होती. बघायचं, वहीत लिहायचं, वर पाठवायचं.

मी विचारलं, "वर म्हणजे कोणाले, काका?"

"थेच तं कोणाले माहीत नव्हतं गा!"

मग एक दिवस हुकूम आला, निघा. हे निघाले आणि मागे लढाई पेटली. "उठाले नोको होतं," काका म्हणायचे. एवढंच म्हणायचे.

म्हणून आपल्या नळावर, पाण्यावरून भांडणाऱ्या दोन लायनींच्या मधोमध, ते रोज सकाळी सहाला खुर्ची टाकून बसायचे. निळी टोपी, मांडीवर वही. 'दक्षिणेकडून बादली एक हात पुढे सरकली. निषेध नोंदवला.' लायनीतल्या शेवंताबाई म्हणायच्या, "काहून जी साहेब, आता तोफ आणता काय आमच्यावर?" काका तेही वहीत लिहायचे.

रविवारी त्यांना ताप भरला. म्हणाले, "उद्या तू बस. काही करू नोको. फक्त उठू नोको." मी हो म्हटलं. सकाळी शहरात जरीपटक्याच्या बाजाराकडे जाणारा ट्रक दिसला आणि चढलो. काहून चढलो? बाजारात जुने रेडिओ बघत बसलो.

इकडे खुर्ची रिकामी. बादल्या उगारल्या गेल्या. काका तापात उठून आले, टोपी घालून मध्ये उभे राहिले. तुम्ही थांबलात. मग ते पडले.

काल वही उघडली. सोमवारच्या पानावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'ड्युटीवर', आणि पुढे माझं नाव. खाली पान कोरं.

मंडळी, हार नको. दोन्ही लायनींनी उठा. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, जिथे रोज उभे राहता तिथेच, दोन मिनिटं गप्प उभे राहा.

काका, जय भीम. बसतो.