प्लग वाळेपर्यंत

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! थांब, थांब, फोन खांद्यात धरलाय, हात बरबटलेत… हां, बोल.

…नाही गं, पीठ कुठलं. तेल. इंजिनातलं.

…इंजिनातलं म्हटलं! स्कूटरच्या.

…माझ्याच! दुसऱ्याची कशाला उघडत बसू?

…लागलं नाही मला, ठणठणीत आहे. अगं ऐक ना… ऐक तर आधी! सकाळी बाजारातून येत होते. तो पुलाखालचा बोगदा नाही का, तिथला पाण्याचा मोठा पाइप फुटलाय. मला वाटलं, घोट्यापर्यंत पाणी असेल. पुढची गाडी तर आरामात गेली…

…ट्रक होता. हो, ट्रकची चाकं मोठी असतात. ते मला मधोमध पोचल्यावर सुचलं.

…गुडघ्याच्या वर. दोन आचके दिले आणि एकदम गप्प.

…स्कूटर गं! मी कुठली गप्प बसतेय. त्या ट्रकवाल्याला चांगलं ऐकवलं. त्याला ऐकू गेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

…ढकलत. घरापर्यंत. आता व्हरांड्यात उभी आहे, खाली जुन्या चादरी अंथरल्यात आणि मी बसलेय पाटावर.

…अगं, मेकॅनिककडे गेले होते ना! त्या बोगद्यानं आज निम्म्या गावाच्या गाड्या बुडवल्यात. दुकानाबाहेर ही रांग! म्हणाला, मावशी, बुधवारी आणा. बुधवारपर्यंत काय करू?

…उद्यापर्यंतही नाही चालायचं. त्या टेकडीवरच्या मुख्याध्यापिका बाई, उद्या त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. नंतर कित्येक आठवडे डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. म्हणून आज संध्याकाळी केस धुऊन, बारीक कापून द्यायचं कबूल केलंय मी. ‘तू येशील ना गं नक्की?’ असं तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा! शाळेत पोरांना थरथर कापायला लावणारी बाई ती… घाबरलीय गं. बोलत नाही, पण घाबरलीय.

…टॅक्सी जात नाही. रस्ता खणून ठेवलाय, दोन चाकं कशीबशी निघतात.

…थांब हं… डॉक्टर, तो नाही, त्याच्याशेजारचा पाना… हां, तो.

…कोण म्हणजे? वरच्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर. रिटायर झालेत. तेच मदतीला आहेत.

…त्यांना काय येतंय म्हणजे? काही येत नाही. मलाही येत नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून बसलोय. ते वाचतात, मी फिरवते. पण बरं झालं आले ते. मी रागारागानं किकवर उभीच राहणार होते, त्यांनी अडवलं. आत पाणी असताना दणादण किक मारली तर आतला दांडा वाकतो म्हणे. मग गाडी कायमची भंगारात.

…नाही, भंगारात नाही द्यायची! मी तसं म्हणाले नाही.

…सांगते ना काय केलं. आधी पेट्रोल बंद. मग प्लग काढला. डॉक्टर वरून आपला तो दात बघायचा आरसा घेऊन आले गं! छोटासा, दांडीचा. टॉर्च लावून प्लगच्या भोकातून आत डोकावले आणि म्हणतात, ‘हं… पाणी दिसतंय.’ जसं काही दाढ किडलीय. मग भोक उघडं ठेवून मी हळूच किक मारली, तर काय पिचकारी उडाली! सगळी त्यांच्या चष्म्यावर. आणि त्यांनी, शपथेवर सांगते, सवयीनं काय म्हणावं? ‘आता चूळ भरा!’

…हसतेयस ना? आम्ही तर खाली बसलो हसून हसून.

…मग तेल काढलं. काळं असायला हवं ना, तर हे आपल्या चहासारखं, दुधाळ. म्हणजे पाणी आत गेलंच. डॉक्टरांनी नवं आणून दिलं. हे थोडा वेळ चालवून परत काढायचं, मग पुन्हा नवं घालायचं. दोन पाण्यातून कपडे काढावेत तसं.

…हवेचा फिल्टर? स्पंजाचा आहे, चिंब होऊन बसला होता. तो माझ्या हातात आला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं बघ! कोमट पाणी घेतलं, थोडा शाम्पू लावला…

…साबण नव्हता जवळ! आणि चांगला शाम्पू आहे तो, गिऱ्हाइकांना लावते. दोनदा धुतला, टॉवेलात गुंडाळून दाबला, न पिळता. आता ड्रायरनं वाळवतेय. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मान हलवत नाही, ‘कानापाशी जरा कमी करा’ म्हणत नाही.

…अगं, कळतं मला! पेट्रोलचे भाग तिकडे अंगणात ठेवलेत, उघड्यावर. ड्रायर इकडे, घरात. डॉक्टर मध्ये पोलिसासारखे उभे आहेत. कार्बोरेटरची वाटी त्यांनीच साफ केली, दाताच्या बारक्या ब्रशानं.

…हो, ऐकतेय.

…हो.

…पुन्हा तेच. अगं, खोली रंगवलीस, पडदे लावलेस, सगळं कळलं मला. मागच्या रविवारी सांगितलंस, त्याच्या आधीच्या रविवारीही सांगितलंस.

…वय? वयाचा इथं काय संबंध? पाण्याला वय कळतं? माझ्यामागे कॉलेजातला पोरगा होता, त्याचीही बंद पडली. त्याला सांगतंय का कुणी, गाडी विकून टाक आणि लेकीकडे जाऊन राहा?

…मला कशाला सांभाळायला हवंय? इंजिन खोललंय मी आज! सांभाळायचं माणूस इंजिन खोलतं का?

…ठीक आहे, रागावले. रागावले मी. तुझा फोन आला की आधी बरं वाटतं, आणि मग तू ‘आता या वयात’ सुरू केलंस की वाटतं, कोपऱ्यात एक खुर्ची मांडून ठेवलीय माझ्यासाठी आणि तिच्यावर कधी एकदा नेऊन बसवतेयस.

…हॅलो?

…हॅलो? आहेस ना? फोन कटला की काय… ठमे?

…रडतेयस?

…अगं बाई. थांब. ड्रायर बंद करते… हां. बोल आता. काय झालं?

…परत म्हण. मला नीट ऐकू आलं नाही.

…केव्हापासून?

…म्हणजे जावई तिकडे नव्या नोकरीवर, महिन्यातून एकदा घरी. आणि तू ऑफिसातून येतेस, टीव्ही लावतेस नि ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवतेस? पान मांडूनसुद्धा बसत नाहीस?

…कंटाळा काय कंटाळा! एकटीसाठी मांडायचा कंटाळा येतो, ते माहितीय मला. मला शिकवू नकोस. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी पातेल्यातूनच जेवत होते.

…मग हे सांग ना, वेडे! दर रविवारी ‘आई, तुला सांभाळायला हवं, आई, तुझं वय झालं’. मी आपली कंबर कसून भांडतेय. ‘मला आई हवीय’ एवढं म्हणायला तुझी जीभ का अडखळते?

…हो. मीही विचारलं नाही. खरंय. मी विचारायला हवं होतं. तू हसून बोलायचीस, मला वाटायचं, मजेत आहे पोरगी.

…नाक पूस आधी.

…पुसलंस? आता ऐक. येते मी.

…खरंच. पुढच्या आठवड्यात. मुख्याध्यापिका बाई घरी आल्या, त्यांना एकदा बघितलं की निघते. महिनाभर राहीन. आपण दोघी बसून जेवू, आणि तुझ्या त्या केसांचं काय ते बघू. मागच्या फोटोत झाडूसारखे दिसत होते.

…कायमची नाही हं. इथं माझी डोकी आहेत. लोकांचे केस वाढायचे थांबत नाहीत तोवर मला सुट्टी नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी येत जाईन. आणि ये म्हणताना वयाचं नाव काढायचं नाही. कबूल?

…कबूल ना? मग झालं.

…काय? स्कूटरवरून? एवढ्या लांब? अगं, बसनं येईन! तू पण ना.

…हां, डॉक्टर… फिल्टर, वाटी बसली ना जागेवर? आणि प्लग वाळला? दाखवा… मस्त. लावा… नाही, आधी हातानं फिरवा, मग पाना. हं. वरची टोपी घट्ट दाबा.

…तुला नाही गं, त्यांना.

…कसला आवाज?… माझा? माझा आवाज कसा बदलला?… काहीतरीच! संध्याकाळी कधी चहा घेतो व्हरांड्यात बसून, बस. त्यात काय एवढं… आत्ता रडत होतीस ना? इतक्यात हसू कुठून आलं?

…महिनाभर राहतील की ते माझ्याशिवाय. दात काय, नसले तरी माणूस जगतो!… नाही डॉक्टर, तुम्हाला काही म्हटलं नाही मी.

…ब्रेक बघितले, अंगणात पुढे-मागे ढकलून. लागतात चांगले. हेल्मेटही आहे. आता थांब, तुला खिडकीत ठेवते, स्पीकरवर. मीच मारते किक, डॉक्टरांचा गुडघा दुखतो. ऐकतेयस?… एक…

…नाही लागली.

…थांब गं, घाई करू नकोस… दोन… खोकली! ऐकलंस? खोकली!

…हो, हो, हळूच मारतेय… ये गं बाई, ये, मुख्याध्यापिका बाई वाट बघताहेत… लागली! लागली! डॉक्टर, लागली!

…काय? पांढरा धूर आहे गं… नाही, घर नाही पेटलं! आत उरलेलं पाणी आहे, वाफ होऊन जातंय… डॉक्टर, खोकताय काय, दार उघडा ते!

…मोठ्यानं बोल, ठमे! हिच्या आवाजात काही ऐकू येत नाही… काय?… ‘लवकर ये’?… येते गं, येते!… डॉक्टर, माझी कात्र्यांची पिशवी द्या… आणि बसा मागे. वाटेत बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं ना… हो, तुम्हीच!

…चल, ठेवते गं… बंद पडायच्या आत निघते!