शिरीषने सोडलेली सीट

मंडळी, शिकागोजवळच्या शॉमबर्गचा हा हॉल आज भरलाय. काका, काकू, तुम्ही नागपूरहून परवाच उतरलात. तुमच्यासमोर तुमच्या मुलाबद्दल कसं बोलायचं, मला खरंच कळत नाही.

शिरीष अलास्कातल्या एका बेटावर, मासे गोठवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. झाड नाही. खडक, वारा आणि धुकं. सॅमन मासा आला की काही आठवडे गाव झोपत नाही. त्यावरच वर्षभर चूल पेटते. मी विचारायचो, "यार, तिथे आहे तरी काय?" म्हणायचा, "मासे आहेत. आणि रेंज नसते, त्यामुळे तुझे फोन येत नाहीत."

तिथलं विमान नऊ जणांचं. हवा बरी असेल तरच येतं. आणि तिथली रीत अशी, की ज्याला जास्त गरज, त्याला जागा. कुणाला सांगावं लागत नाही. लोक आपणहून उठतात.

त्या मंगळवारी शिरीषचं पलीकडच्या हॉस्पिटलला जायचं तिकीट होतं. छातीत दुखत होतं; तो ॲसिडिटी म्हणत होता. निघताना कारखान्याच्या लँडलाइनवरून फोन केला. "अरे, एका मच्छीमाराची बायको आहे, दिवस भरलेत तिचे. सीट देऊ ना? चेकअप उद्या करतो."

मी काय म्हणालो? "दे की. उद्याच्या फ्लाइटने ये."

शिकागोत राहणारा माणूस उद्याची फ्लाइट गृहीत धरतो. मीही धरली.

बुधवारी धुकं. गुरुवारी धुकं. गुरुवारीच अटॅक आला. शिरीषची लेक ईरा मला विचारते, "काका, व्हाय नॉट बाय बोट?" बेटा, बोटीला वीस तास लागतात, आणि तिथली नर्स म्हणाली, हलवू नका. पलीकडे हेलिकॉप्टर तयार होतं, पण धुक्यात उडता येत नव्हतं. मी इथे बसून हवामानाचं पान रिफ्रेश करत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं. शुक्रवारी दुपारी तो गेला. धुकं तसंच होतं.

मग एका बोटीने ऐन हंगामात जाळी वर ओढली आणि त्याला पलीकडच्या बंदरात आणलं. ती बाई आणि तिचं बाळ सुखरूप आहेत. चांगली बातमी आहे. तोंडातून नीट निघत नाही.

वैशालीवहिनी, काल तुम्ही विचारलंत, "भाऊजी, 'नको, तूच बस' म्हणाला असतात, तर बसला असता का तो?" मी चहा आणायला उठलो.

बसला असता, वहिनी. माझं ऐकायचा तो.

ज्यांना जमेल त्यांनी उभं राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. मीही नाही.