शेजारचा ब्रेक

(गाड्यांच्या दुकानामागचं आवार. जुनी गाडी तपासणीसाठी उचलून धरलेली, शेजारी नवी उभी.)

नात : ...पण आजोबा, यात तुमच्या बाजूला ब्रेकच नाही!

आजोबा : नसणारच. आपली गाडी शिकवायची होती, ही चालवायची आहे.

नात : मग जुनीच बरी. देऊन टाकू नका ना.

आजोबा : जुनी लिटरला नऊ किलोमीटर जाते, तेही उतार असेल तर. तुझं हॉस्पिटल तीस किलोमीटरवर. सोमवारपासून रोज जाऊन येऊन साठ. नर्सचा पहिला पगार काय टाकीत ओतणार?

नात : ओतीन. निदान तुम्ही शेजारी असाल, ब्रेकवर पाय ठेवून.

आजोबा : रोज ड्यूटीला आजोबा बरोबर? लोकांना वाटेल, मलाच दाखल करायला आणलंय.

मिस्त्री : मास्तर, तपासून झाली तुमची गाडी. पत्रा चांगलाय. इंजिन जरा खोकतंय, पण वयाला शोभेल इतकंच.

आजोबा : माझ्यासारखंच म्हणा की.

मिस्त्री : एक मात्र आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूचा तो जादा ब्रेक चालत नाही. नुसतं पेडल आहे, खालची दांडीच नाही.

नात : दांडी नाही? पडली कुठे?

मिस्त्री : पडली नाही ताई, काढलीय. ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलीय. नटबोल्टसकट. फार निगुतीचं काम आहे.

नात : आजोबा?

आजोबा : हं. मीच काढली.

नात : कधी?

आजोबा : तुझं लायसन हातात आलं त्या दिवशी.

नात : म्हणजे आठ महिने! आणि तुम्ही खुशाल त्या पेडलवर पाय ठेवून बसत होतात?

आजोबा : पाय कुठेतरी ठेवावा लागतोच ना.

नात : हसू नका! मला वाटायचं, माझं चुकलं तर तुम्ही आहात.

आजोबा : तिथंच तर घोडं अडलं होतं. तीस वर्षं शिकवलं गं मी. काहीजण स्वतःच्या पायानं थांबतात, काहीजण माझ्या. तू वळण आलं की रस्ता सोडून माझ्या गुडघ्याकडे बघायचीस. समजावून झालं, रागावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

नात : मग दांडी काढली एवढं तरी सांगायचं!

आजोबा : सांगितलं असतं, तर स्टिअरिंगला हात लावला असतास?

नात : ...नसता.

मिस्त्री : आमच्या बापानं पोहायला असंच शिकवलं. मी म्हणतोय, बाबा सोडू नका, सोडू नका. आणि बाबा काठावर उभे!

नात : थांबा, थांबा. पोस्टासमोर ती सायकलवाली आडवी आली, तेव्हा ब्रेक तुम्हीच लावलात. मी घरभर सांगितलं, आजोबा होते म्हणून वाचलो.

आजोबा : दाबला होता खरा. सवयीनं. दांडी काढलीय हे त्या क्षणी मीच विसरलो. पेडल सरळ तळाला टेकलं आणि मी डोळेच मिटून घेतले.

नात : मग?

आजोबा : मग काय, बघतो तर गाडी थांबलेली. घरी तू माझे गोडवे गात होतीस आणि मी खाली मान घालून जेवत होतो.

नात : म्हणजे ती... मी थांबवली?

आजोबा : गाडीत तिसरं कोण होतं?

मिस्त्री : ताई, नवीत बसून एक चक्कर तर मारून या. शेजारी मी बसू, का मास्तर बसतायत?

नात : किल्ली द्या.

मिस्त्री : हिला किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. आवाज आला नाही तरी घाबरू नका. आधी बॅटरीवर निघते, पेट्रोल लागेल तेव्हाच पिते.

नात : घाबरतंय कोण! आम्ही येईपर्यंत जुनीचे कागद करायला घ्या. आजोबा, चला, बसा शेजारी.

आजोबा : नको, मी मागे बसतो. तीस वर्षांत पाय लांब करून गाडीत बसलोच नाही मी.