बियाण्याचा डबा

ठक्कर बाजार स्टँडवर देवळ्याची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

“अण्णांचं कांद्याचं बी उगवलंच नाय. सगळं वाया गेलं.”

“सुषमा, ते माझ्यामुळं झालं.”

“तुमचं काय त्यात? बी कोरडं राहावं म्हणून तुम्ही तर कंपनीतले पांढरे दाणे दिले होते डब्यात टाकायला.”

“ते वापरलेले होते. आमच्याकडं गॅस त्या दाण्यांतून सोडतात. गॅसमधली ओल आणि तेल दाणे शोषून घेतात. पुढं ते निकामी झाले की टाकून देतात. त्यातलेच आणले मी.”

“मग खास नवे आणले असं का सांगितलंत?”

“अण्णा चार लोकांत कौतुक करत होते. तोंडातून निघून गेलं. वाटलं, घरी भाजले की तेल उडून जाईल.”

“आपल्या कढईत?”

“तू माहेरी होतीस तेव्हा.”

“तरीच रॉकेलचा वास! मी तीनदा घासली ती कढई.”

“डब्यालाही आला असेल.”

“आला ना. रॉकेलच्या डब्यात बी भरलं म्हणून अण्णा आईला लय बोलले.”

“आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, भरलं असेल चुकून.”

“आज गेल्या गेल्या सांगतो मी त्यांना.”

“सांगा. पण तिनं मला बजावलंय, जावईबापूंना कळू देऊ नको. त्यांनी एवढ्या मायेनं दाणे दिले, आणि मी बी नासवलं. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, म्हणाली.”

देवळ्याची गाडी समोर येऊन थांबली.

“चला, गाडी लागली. अहो?”