काकूंच्या बाजूची काच

गॅरेजमध्ये माझी गाडी दुरुस्त व्हायची होती. शेजारच्या जुन्या गाडीपाशी एक म्हातारं जोडपं मेकॅनिकशी बोलत होतं.

"काका, रबर सुकलं होतं म्हणून तुमची काच हळू चढायची. झालं काम. काकूंची तर धडधाकट आहे. तुमच्या दारावरचं, बाकीच्या काचा लॉक करायचं बटण दाबलेलं होतं, म्हणून उघडत नव्हती."

"अरे, हळू बोल की जरा!"

"बोलू दे त्याला. सहा वर्षं मला सांगताय, मोटर जळालीय म्हणून."

"वाऱ्याने तुझा कान ठणकतो. सांगून ऐकलं असतंस?"

"छे!"

"मग? आता चिडलीस?"

"पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. तुम्ही किल्ली ठेवून दुकानात गेलात की मी काच उघडते. येताना दिसलात की बंद करून बटण परत दाबते. बाळा, होतं तसंच ठेव हो ते."