अंगठ्याखालचं बटण

अच्छा — म्हणजे संपदावहिनी तुमच्या मिसेस — बसा ना साहेब, उभे का — नाही, मी सहज बोलून गेलो, तुम्ही हिंदीत विचारलं असतंत ना, तर मी बिल्कुल तोंड उघडलं नसतं, इथं गुडगावात एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा धंद्याचा नियम, पण तुम्ही दारातूनच ‘हा माउस बिघडलाय हो’ असं मराठीत म्हणालात आणि माझी जीभ सुटली — हे माझं नेहमीचंच, मागे मानेसरच्या कारखान्यातले एक परचेसवाले आले, अमरावतीचे निघाले, तर चहा पाजून मी त्यांना माझा खरेदीचा भावच सांगून बसलो, प्रभा अजून ऐकवते — ही प्रभा, माझी बायको, बिलं बघते. तर माउस बिघडलेला नाही, साहेब. अंगठ्याखाली हे जास्तीचं बटण आहे ना, त्याला सोबतच्या सीडीतल्या प्रोग्रॅमनं हवी ती की नेमून देता येते — हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही, दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात, नेहरू प्लेसला, खोकी उचलता उचलता शिकलो — कुणी कॉपी नेमतं, कुणी पेस्ट, आणि वहिनींनी विंडो बंद करायचं नेमून घेतलं, आल्ट-एफ-फोर, आणि पाठोपाठ एन, म्हणजे कॉम्प्युटरनं ‘सेव्ह करू?’ विचारलं की ‘नको’ हे उत्तरही बटणच देणार, एका दाबात सगळं साफ. म्हणून तुमचं ऑफिसचं पत्र उडालं. अंगठा लागला असणार.

का नेमून घेतलं, ते मला काय माहीत. म्हणजे — मघाशी म्हणालो खरा, ‘मागून कुणी आलं तर दिसता कामा नये’ असं त्या म्हणाल्या म्हणून — पण ‘कुणी’ म्हणजे मुलंबाळंही असतात ना — अच्छा, नाहीत. मग कामवाली असेल. आणि भावाला पत्र लिहिण्यात काय एवढं? नाही, मी वाचलं नाही हो, इथं या काउंटरवर बटण तपासायला त्यांनी चार शब्द टाइप केले, इंग्रजी अक्षरांत मराठी, ‘दादा, मला घेऊन जा’, नुसतं तपासायला, माणूस काहीही लिहितो, मी ‘हॅलो हॅलो’ लिहितो — तुम्ही असं बघू नका, साहेब. मी काही विचारलं नव्हतं. हाताचंसुद्धा नाही. बाथरूममध्ये घसरले, असं त्यांनी आपणहून सांगितलं, मी फक्त म्हटलं, उजवा दुखतोय तर डाव्या हाताला बसेल असा माउस देतो —

अरे, निघालात कुठं, बसा, हे काढून टाकतो ना मी, पाच मिनिटांचं काम — काढून टाकलं की वहिनींना काही बोलायचं कारणच उरत नाही, हो की नाही, वस्तू दुरुस्त झाली, विषय संपला. चहा येतोय. तुम्ही कुठले, पुण्याचे? आमचे एक काका पुण्याला — बरं, राहू द्या. प्रभा, अगं, त्या पार्टीला एक फोन लाव जरा, मागच्या आठवड्यात उजव्या हाताला पट्टी बांधून आली होती, ती. सांग, आमचा माणूस तिकडे यायला निघतोय, तुम्ही घरी थांबू नका. बघत काय बसलीस, लाव. धंदा आहे साहेब, फोन चालूच असतात, तुम्ही इकडे बघा, हे मी ‘क्लिअर’ केलं, आता ‘ओके’ —

हा मोबाइल तुमच्या खिशात वाजतोय.

घ्या ना. नाही घेत?

ठेव, प्रभा. फोन ठेव.

साहेब, वहिनी कुठं आहेत?