ताईची कोरी वही

...अहो, कव्हर घातलं तिने! माझ्या वहीला, तपकिरी कागदाचं, वर लेबल चिकटवून! आता मी चाळीस वर्षं बाइंडर, थोरली बहीण जन्मभर शाळेत बाई, म्हणजे वही कशाला असते हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवायचं? वही लिहायला असते हो!

तुम्हाला सांगतो, ताई विसरायला लागली. गॅस विसरते, औषध विसरते, मागे तर मलाच दारात विचारलं, कोण हवंय तुम्हाला? डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहायला लावा. म्हटलं, वही अशी करू की हात आपसूक जाईल. जुनी अरबी पुस्तकं बांधायचे ना, तशी केली. लाल कातडं, मधोमध तापवलेल्या ठशाने उठवलेली बदामाच्या आकाराची नक्षी, कडेने सोनेरी रेघ, आणि मागच्या पुठ्ठ्याला पाकिटाला असते तशी त्रिकोणी झडप, पानांवरून येऊन पुढच्या पुठ्ठ्याखाली सरकणारी. आठ दिवस बोटं भाजून घेतली. आणि हिने काय करावं? झडपेसकट कव्हर! वर म्हणते कशी, "इतकी छान वही, खराब नको व्हायला... आधी कच्चं लिहिते, मग यात उतरवीन."

कच्चं कुठे? तर कॅलेंडरच्या मागे, औषधाच्या खोक्यावर, आणि ते कुठे ठेवलं तेही विसरते! आईची एक आठवण लिहिली होती म्हणे. गेली रद्दीत. आईला ओळखणारी आता आम्ही दोघंच उरलोय, त्यातली एक ही अशी... जाऊ दे. पण वही लिहायला असते हो!

मग माझं डोकंच फिरलं. एक दिवस सकाळी कव्हर टराटरा फाडलं, पहिलं पान उघडलं आणि कपातला चहा त्यावर ओतला. स्वतःच्या हाताने! म्हटलं, घे, झाली खराब, आता लिही. ताईने चष्मा लावला, पेन काढलं आणि डागाशेजारी, वळणदार अक्षरात लिहिलं, "आज धाकट्याने माझी नवी वही खराब केली. हे विसरायचं नाही."

तेव्हापासून रोज लिहिते बरं का. फक्त आधी पहिल्यापासून वाचते. म्हणजे रोज सकाळी पहिलं पान, आणि रोज सकाळी मला नव्याने शिव्या. कालच्या तिला आठवत नाहीत, मला आठवतात. चहा हल्ली मी स्वयंपाकघरात उभ्यानेच पितो... असो. निदान आपल्याला एक धाकटा भाऊ आहे, हे तिला रोज कळतं.